सगळा मीटर बदलायची गरज नसते हो!

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून छापून येतं ते मी आवर्जून वाचतो, म्हणून हे पत्र. माझी गाडी वीस वर्षांच्या पुढची आहे. मागच्या वर्षी तिचा किलोमीटरचा आकडा थांबला, म्हणजे स्पीडचा काटा व्यवस्थित चालायचा पण आकडा काही केल्या हलायचा नाही. मेकॅनिककडे नेली तर त्याने गाडीतून उतरायच्या आधीच सांगून टाकलं, पूर्ण मीटर बदला, जुन्या गाडीचा काढलेला मिळतो. उघडून बघितलंसुद्धा नाही, आणि मला राग आला तो याचाच.

कारण काटा चालतोय याचा अर्थच हा की केबल ठीक आहे. जुन्या गाड्यांत गिअरबॉक्सपासून एक केबल मीटरपर्यंत येते, ती आतलं लोहचुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची छोटी वाटी असते ती त्याच्यामागे ओढली जाते आणि बारीक स्प्रिंग तिला धरून ठेवते, त्यावर काटा किती वर जाणार ते ठरतं. ओटो शुल्झे या जर्मन इंजिनिअरने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं होतं आणि इतकी वर्षं गाड्या त्यावर चालल्या! किलोमीटरचे आकडे त्याच दांड्यावरून छोट्या गरारींनी फिरतात. म्हणून दोन्ही बंद असेल तर आधी केबल बघायची, नाहीतर गिअरबॉक्सकडची प्लॅस्टिकची गरारी, काटा थरथरत असेल तर केबल कोरडी पडलीय किंवा कुठेतरी दुमडलीय, आणि नुसता आकडा थांबला असेल तर दोष बहुतेक मीटरच्या आतच. केबल मीटरच्या बाजूने सोडवून कोणाला तरी गाडी हळू पुढे घ्यायला सांगा, आतली तार फिरतेय का नाही लगेच कळतं, एवढं करायला कितीसा वेळ लागतो?

माझ्या गाडीत काय निघालं तर नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या गरारीचे दोन दात गेलेले, बस. प्लॅस्टिक जुनं होऊन ठिसूळ होतं. आणि काही मीटरांत गाडी चालू असताना ट्रिपचं, म्हणजे एका फेरीचं अंतर मोजणाऱ्या छोट्या आकड्याचं, बटण दाबून शून्य केलं की हीच गरारी तुटते, ही सवय मलाही होती, आता गाडी थांबवूनच दाबतो. दुसऱ्या एका कारागिराने धीराने ती बदलून दिली, काटा काढायच्या आधी तो कुठे टेकतो तिथे खूण करून ठेवली, नाहीतर परत बसवताना स्पीड चुकीचा दाखवतो. केबलला ग्रीस लावतानाही त्याने वरचा थोडा भाग कोरडाच ठेवला, जास्त ग्रीस फिरत फिरत मीटरमध्ये चढतं आणि तिथे घाण करतं. शेवटी मोबाईलच्या जीपीएसवर स्पीड ताडून बघितला. मीटर खऱ्या स्पीडपेक्षा थोडा जास्त दाखवतो तेवढं चालतं, कमी मात्र दाखवता कामा नये. टायरचा साइज बदललेला असेल तरी फरक पडतो हे कोणी सांगत नाही. नंतरच्या गाड्यांत केबल नसते, सेन्सर असतो, तिथे आधी वायर, कनेक्टर आणि मीटरच्या सर्किट बोर्डावरचा सुटलेला सोल्डर बघायचा.

आता मुख्य मुद्दा. आकडा बंद असतो तेवढ्या काळात ऑइल कधी बदलायचं, इंजिनचा टायमिंग बेल्ट कधी, काहीच कळत नाही, माझं एक ऑइल असंच फार उशिरा बदललं गेलं. आणि दुसऱ्या गाडीचा मीटर बसवला की त्या गाडीचं रनिंग आपल्या गाडीत येतं, पुढे घेणाऱ्याला ते खरं वाटतं, ही फसवणूकच आहे, मुद्दाम केलेली नसली तरी. म्हणून मेकॅनिक लोकांना माझी कळकळीची विनंती आहे की आधी मीटर उघडून बघा, आणि बदलावाच लागला तर जुना आकडा आणि तारीख बिलावर लिहून द्या.

मी माझ्या सर्व्हिस बुकात पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय, मीटर कितीवर थांबला, किती महिने बंद होता, त्यात अंदाजे किती गाडी चालली आणि कुठल्या तारखेला परत सुरू झाला. गाडी विकली तर ते पान घेणाऱ्याला आधी दाखवणार.

आपला,
एक नियमित वाचक