खंडेनवमीपूर्वी जुन्या गाड्यांचे पेट्रोल पाइप बदलावेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

खंडेनवमी जवळ आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या भागांत पावसाळाभर शेडमध्ये झाकून ठेवलेल्या अ‍ॅम्बॅसडर, पद्मिनी आणि जुन्या जीपगाड्या बाहेर निघतात, धुतल्या जातात, आणि बॉनेटला हार घालून त्यांच्यापुढे कापूर पेटवला जातो. अशा कित्येक गाड्यांच्या बॉनेटखाली अनेक वर्षांपूर्वीचा रबरी पेट्रोल पाइप तसाच असतो. पेट्रोलची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेट घेते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे ती गाडीखाली जमिनीलगत पसरते. म्हणून यंदा पूजेआधीच हे पाइप बदलून घ्यावेत, अशी सर्व गाडीमालकांना कळकळीची विनंती आहे.

या गाड्या घडल्या त्या काळी पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याची पद्धत रुळलेली नव्हती. आता हे मिश्रण २० टक्क्यांपर्यंत गेले असून देशाने हा टप्पा २०२५ मध्ये गाठला. आपल्या भागातील असंख्य कुटुंबांचा संसार उसावर आणि साखर कारखान्यांवर चालतो, त्यामुळे इथेनॉलला माझा मुळीच विरोध नाही. परंतु जुन्या रबराला हे पेट्रोल मानवत नाही. ते त्यात फुगते, मऊ पडते, आणि गाडी महिनोन्महिने उभी राहून पाइप कोरडा पडला की कडक होऊन भेगाळते. शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेते, त्यामुळे आपल्याकडच्या पावसात उभ्या असलेल्या गाडीची टाकी आणि लोखंडी नळी आतून गंजण्याची भीती वाढते.

पाइप ठिबकत नाही म्हणजे तो चांगला आहे, हा समज सर्वांत घातक वाटतो. या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनावर बसवलेला असतो आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. टाकी ते पंप या भागातील पाइपाला भेग असेल तर गाडी चालू असताना तिथून पेट्रोल बाहेर न येता हवा आत ओढली जाते. अशी गाडी चोर्ला घाटाच्या चढावर दम टाकते, मग कोणी उन्हाला दोष देतो, कोणी पंपावर ओले फडके ठेवतो, आणि खरा दोष तसाच राहतो. पंप ते कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) या पुढच्या भागात मात्र पेट्रोल दाबाखाली असते, आणि तिथली गळती थेट तापलेल्या इंजिनावर पडते. त्यामुळे फक्त गळणारा तुकडा न बदलता टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे एकदमच बदलले पाहिजेत. टाकीच्या तोंडाचा आणि हवेच्या नळीचा पाइप हमखास विसरला जातो.

नवा होज, म्हणजे रबरी पाइप, घेताना त्यावरील छाप वाचावा. एसएई जे-३० आर-९ (SAE J30 R9) असा छाप असलेल्या होजला आतून फ्लोरोइलास्टोमर या खास रबराचे अस्तर असते आणि ते इथेनॉलला टिकते. किंमत जास्त पडते, पण लागतो तो एक-दोन मीटरच. पाण्याची किंवा पारदर्शक प्लास्टिकची नळी पेट्रोलसाठी कधीही वापरू नये. भोकाभोकांच्या पट्टीची क्लिप आवळताना रबर कापते, म्हणून आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्यावी. चॅसिसवरील (गाडीच्या सांगाड्यावरील) लोखंडी नळी गंजली असल्यास तिच्या जागी पोलादाची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घालावी. नुसते तांबे हादऱ्यांनी कडक होऊन तडकते.

काम करण्याची पद्धतही बदलायला हवी. अनेक गॅरेजांत गाडी खड्ड्यावर घेऊन, हातात वायरचा बल्ब धरून हे काम चालते. खड्ड्यात वाफ साचते आणि बल्ब फुटला की ठिणगी पडते. हे काम उघड्यावर, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवूनच करावे. पेट्रोल तोंडाने ओढू नये, कारण ते फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. काढलेले पेट्रोल प्लास्टिकच्या बादलीत न ठेवता झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे. कोरड्या पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. पाण्याने पेट्रोलची आग उलट पसरते. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणे तर सर्वस्वी टाळावे, कारण भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी अधिक धोकादायक असते. काम झाल्यावर थोडेच पेट्रोल घालून प्रत्येक जोड कोरड्या कागदाने पुसून पाहावा, आणि थोडी गाडी फिरवल्यावर क्लिपा पुन्हा तपासाव्यात.

आपल्या भागातील मिस्त्री कष्टाळू आणि हुशार आहेत. त्यांनी छाप नसलेला होज बसवण्यास ठामपणे नकार दिला तर गिऱ्हाईकही ऐकेल. स्पेअर पार्टच्या दुकानदारांनी मीटरवर होज कापून देताना त्याचा प्रकार बिलावर लिहून द्यावा. आणि जुन्या गाड्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आरटीओत येतात तेव्हा दिवे, ब्रेक आणि धुराबरोबर बॉनेट उघडून पेट्रोल पाइपही तपासावा, अशी परिवहन अधिकाऱ्यांना आपल्या वृत्तपत्रामार्फत विनंती आहे.

आपला नम्र,
जुन्या गाडीचा एक मालक, शहापूर, बेळगाव