दुसऱ्यांदाही हो म्हणालात, ताई

ताई, तुमचं नाव-गाव मला माहीत नाही, स्टेमसेल (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) देणाऱ्यांची नोंद ठेवणारे रजिस्ट्रीवाले सांगत नाहीत, पण माझ्या रिपोर्टमध्ये तुमच्या स्टेमसेलपासून झालेल्या रक्तातल्या पेशी एक्सएक्स, म्हणजे बाईच्या गुणसूत्रांच्या, दिसतात आणि मी तर चांगला मिशीवाला बाप्या (केमोत गेलेली, परत आली), म्हणजे तुम्ही बाई आहात एवढं कळलं, म्हणून ताई.

स्टेमसेल दिल्यात त्याचे आभार आहेतच, पण हे पत्र दुसऱ्या वेळेचं आहे. ट्रान्सप्लांटनंतर आठ महिन्यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, परत आला, केमोने जरा दाबला आणि डॉक्टर म्हणाले आता त्याच डोनरच्या लिम्फोसाइट्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) देऊन बघू, डीएलआय म्हणतात त्याला. म्हणजे कॅन्सरच्या पेशी माझ्या शरीराला परक्या वाटल्याच नाहीत, तुमच्या लिम्फोसाइट्समधल्या टी-सेल्सना वाटू शकतात, मग त्या तुटून पडतात. 1990 मध्ये म्युनिकच्या डॉक्टरांनी हे छापलं तेव्हा तीनच पेशंट होते, तेही क्रॉनिक मायलॉइड या हळू वाढणाऱ्या ल्युकेमियाचे. त्या आजारात हे छान चालतं, माझ्या अक्यूटमध्ये, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारात, बरंच कमी, हे मला आधीच तोंडावर सांगितलेलं. तरी तुम्ही परत हातांत सुया घेऊन काही तास त्या रक्तातून पेशी वेगळ्या करणाऱ्या मशीनशेजारी बसलात! एकदा दिलंय की, आता पुरे, असं म्हणाला असतात तर कोण काय बोलणार होतं?

आणि आलं काय, तर एक सिरिंज. मला वाटलेलं मोठी पिशवी असेल. नर्सने पाच मिनिटांत ढकललं, बायको म्हणाली, "झालं? एवढंच?" पुढचा डोस फ्रीज करून ठेवलेल्यातला होता, त्यातल्या केमिकलमुळे माझ्या श्वासाला दुसऱ्या दिवसापर्यंत लसणाचा वास, बायको नाकाला पदर लावून बसलेली.

मग पाच आठवडे काही नाही आणि एका सकाळी तळहात लालभडक, खाज, जुलाब. जीव्हीएचडी म्हणतात त्याला. तुमच्या पेशी मलाही परका समजायला लागल्या, भांडखोर आहेत हो जरा, राग मानू नका. डॉक्टर मात्र अर्धे टेन्शनमध्ये, अर्धे खूश, कारण पेशी जाग्या झाल्याची ती खूण असते म्हणे. स्टेरॉइडने आवरलं. नंतरच्या बोनमॅरो (अस्थिमज्जा) तपासणीत कॅन्सर दिसला नाही, पेशी शंभर टक्के तुमच्या.

ब्लडग्रुपही तुमचाच झालाय, बी पॉझिटिव्हचा ओ पॉझिटिव्ह, जुनं कार्ड पाकिटातून काढून टाकलं. तुमच्या हातावर सुयांचे काळेनिळे डाग पडले असतील ना, ते गेले का? रजिस्ट्रीमार्फत तेवढं कळवा.