आधी ब्रेक, मग इंजिन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्या नव्याने सजवण्याचं वेड नाशिकमध्ये चांगलंच वाढलंय आणि आपल्या पुरवणीत अशा गाड्यांची छायाचित्रंही येतात. रंग, क्रोम, इंजिनची ताकद यांवर भरपूर लिहिलं जातं. गाडी थांबणार कशी, यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

मध्यम आकाराच्या गाडीत मोठं व्ही-८ (आठ सिलिंडरचं) इंजिन, ही अमेरिकन मसल कारची ओळख. आपल्याकडे तो मान हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला मिळाला, तो तिच्या लांब बॉनेटमुळे. १९८४ ची कॉन्टेसा ब्रिटिश व्हॉक्सहॉल व्हिक्टरवर बेतलेली आणि आत अॅम्बेसिडरचं १.५ लिटरचं, जेमतेम ५० हॉर्सपॉवरचं इंजिन, इसुझूचं १.८ लिटर नंतर आलं. त्यामुळे आत काहीतरी दमदार बसवावं हा मोह कोणालाही होईल. पण ती गाडी मुंबईला जाताना कसारा घाटच उतरणार आहे.

प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवताना घोळ होतो तो मास्टर सिलिंडरपाशी, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या भागापाशी. ड्रमच्या लाइनमध्ये सुमारे १० पीएसआय (चौरस इंचाला १० पौंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. डिस्कला तो चालत नाही. तो तसाच राहिला की पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, ब्रेक ऑइल उकळतं आणि घाटात पेडल थेट तळाला जातं. म्हणून डिस्कबरोबर टँडम (दोन स्वतंत्र लाइनचा) मास्टर सिलिंडर आणि पायाचा जोर वाढवणारा बूस्टर घ्यावाच. जुन्या एकेरी लाइनमध्ये एक पाइप फुटला की चारही ब्रेक जातात, हा धोकाही त्याने टळतो. सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) कॅलिपरला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाला, जुळणारा हवा. मोठा झाला तर पेडल जड लागतं, लहान झाला तर फार खाली जातं. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर मात १५५ अंशांच्या आसपास उकळू शकतं. इगतपुरीकडच्या पावसात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. रबरी होजही सगळे नवे टाका. बाहेरून धड दिसणारा होज आतून फुगलेला असतो. दाबलेलं ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही आणि चाक जाम होतं.

रूप टिकवायचं तर मूळ लोखंडी रिम आणि हबकॅप हवेत. त्यासाठी किट विकत घेण्याआधीच रिम कॅलिपरवर चढवून पाहावी, आत बोटभर नाही तरी ३ मिमी फट हवी. रेडियल टायर टाकले तरी जुन्या रिमला ट्यूब ठेवा, कारण ट्यूबलेस टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा त्या रिमला नसतो.

दिव्यांसाठी एलईडीची गरज नाही. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. १० टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के घटतो. हाय आणि लो बीमला एकेक रिले (मोठा करंट जोडणारा छोटा स्विच), बॅटरीपासून फ्यूजसह २.५ चौ. मिमीची वायर आणि बॉडीला घासून स्वच्छ केलेला अर्थ, एवढं पुरतं. डायनॅमो काढून ६० अँपियरचा अल्टरनेटर लावणाऱ्यांनी ३० अँपियरच्या मूळ अँमीटरमधून (करंट मोजणाऱ्या मीटरमधून) तो करंट सोडू नये, आग लागते. काच, काटा, डायल तसेच ठेवून आत व्होल्टमीटर बसवता येतो. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशनही डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली लपतं. कॉइलचा रोध मात्र त्या किटला जुळता हवा.

आता पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, टाकीतला गाळ सुटून कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) तुंबतात आणि मिश्रणही पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलवर १२० चा मेन जेट बरोबर चालत असेल, तर आता १२५ च्या आसपासचा लागतो. शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. त्याआधीच्या इंजिनचं हेड उघडलंच असेल, तर एक्झॉस्टला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. इंजिन तापतं म्हणून पाण्याचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट काढून फेकण्याची आपल्याकडची खोड मात्र सुटायला हवी! दोष बहुधा बोअरवेलच्या पाण्याने क्षार धरलेल्या रेडिएटरचा असतो.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालत नाही; सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, मग गॅरेज. नाहीतर अपघातानंतर विमा कंपनी बोट ठेवते. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीही पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीलाच मिळते. चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झाला तर ती हुकते. १९८४ च्या कॉन्टेसाला पन्नाशी गाठायला २०३४ उजाडेल. तेव्हा मूळ इंजिन भंगारात विकू नये. ते तेल घालून, प्लगची भोकं बंद करून लाकडी चौकटीवर ठेवावं आणि नव्या इंजिनचे ब्रॅकेट नव्या छिद्रांनी नव्हे, तर मूळ बोल्टवरच बसवावेत.

आपला,
जुन्या गाड्यांचं काम करणारा एक वाचक, सातपूर, नाशिक