कागदाचा प्रवास दाखवायला चहाचे पाणी कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कागदाच्या प्रवासावर शाळा-महाविद्यालयांत चित्रे आणि फलक होतात, त्यांत एक युक्ती फार चालते: बाजारचा कागद चहाच्या पाण्यात बुडवायचा, कडा मेणबत्तीवर जाळायच्या आणि चीन, समरकंद, बगदाद असे बाण काढायचे. याला आमचा आक्षेप आहे. जुना कागद बनला त्या दिवशी नवाच होता, तपकिरी झाला तो वयाने. देशोदेशी बदलत गेले ते तंतू, साचा (कागद ज्यावर गाळतात ती चाळणी) आणि खळ (कागदावर देतात तो पेजेसारखा लेप), आणि ते मुलांच्या हाताला कळले पाहिजे.

बाणही चुकतात. 751 च्या मध्य आशियातील तलासच्या लढाईतील चिनी कैद्यांनी कागद पश्चिमेला नेला, हे फलकावर हमखास असते. पण 1907 साली वायव्य चीनमधल्या दुनहुआंगजवळ सापडलेली सोग्दी (समरकंदकडच्या) व्यापाऱ्यांची पत्रे चौथ्या शतकाच्या सुरुवातीची आहेत, कागदावर आहेत, आणि त्यांतले एक समरकंदला निघालेले होते. म्हणजे लढाईच्या चार शतके आधीच कागद पश्चिमेकडे निघाला होता.

चीनमधला एक मुख्य तंतू म्हणजे तुतीच्या कुळातली साल. जालना, बीडकडच्या रेशीम उत्पादकांकडे पाला खाऊन उरलेल्या फांद्यांचे ढीग असतात. फांदी वाळली की साल सुटत नाही, म्हणून ती दिवसभर भिजवून तासभर वाफवावी. वरची काळी साल खरवडून टाकावी; ती राहिली तर कागदावर ठिपके येतात. एक किलो कोरड्या सालीला 200 ग्रॅम धुण्याचा सोडा (खाण्याचा नव्हे) आणि 12 लिटर पाणी घेऊन दोन-तीन तास उकळावे. भांडे स्टीलचे घ्यावे, ॲल्युमिनियम सोड्याने खाल्ले जाते. साल चिमटीत आडवी ताणताच जाळीसारखी पसरली, म्हणजे शिजली. मग सोडा पूर्ण निघेपर्यंत धुवावी. कुटायला लाकडी मोगरी हवी. मिक्सर तंतू तोडतो आणि कागद कमकुवत होतो.

कागद गाळायच्या हौदात 40 लिटर पाण्याला 200 ग्रॅम कोरडा तंतू पुरतो. जपानी कारागीर त्यात भेंडीच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा चिकट रस घालतात. आपण कोवळ्या भेंड्या चिरून रात्रभर थंड पाण्यात ठेवाव्यात आणि ते पाणी गाळून घ्यावे. हा डिंक नव्हे. त्याने पाणी चाळणीतून सावकाश निथळते आणि तंतूंचे गोळे होत नाहीत. मात्र उष्णतेने रसाची तार तुटते. मराठवाड्यात हे काम डिसेंबर-जानेवारीतच करावे. एप्रिलमध्ये केले तर दुपारपर्यंत रस पाण्यासारखा होतो.

आता आपले दौलताबादजवळचे कागजीपुरा. तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळी कागदी कारागीर इथे आले, असे परंपरा सांगते. चिंध्या, जुने दोर, चुना, गवताच्या काड्यांची चाळणी आणि वर खळ, ही इथली जुनी रीत. खळीचे कारण लेखणीत आहे. चिनी कुंचल्याला मऊ, शोषणारा कागद चालतो. बोरूची शाई मात्र अशा कागदावर फुटते. म्हणून दोन्ही बाजूंना तांदळाची किंवा गव्हाची पातळ खळ द्यायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचे. खळ जाड झाली तर घडीवर तडा जातो, शिवाय कसर लागते. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी खळीऐवजी जनावरांच्या कातड्याचे सरस आले, आणि तारेच्या साच्यामुळे इटलीतल्या फाब्रियानोत तेराव्या शतकाच्या अखेरीस जलचिन्ह (कागद उजेडात धरला की दिसणारी खूण) आले.

मांडणीत हे कागद काचेच्या चौकटीत भिंतीवर ठोकू नयेत. दोऱ्यावर मोकळे टांगून मागे दिवा लावावा: तुतीचे लांब तंतू, काड्यांच्या रेघा, तारेच्या रेघा उजेडात वेगवेगळ्या दिसतात. शेजारी हात लावायला एकेक तुकडा ठेवावा, आणि चिठ्ठीवर देशाच्या नावाआधी तंतू, चाळणी आणि खळ लिहावी.

— हातकागद शिकवणारे काही कलाशिक्षक,
छत्रपती संभाजीनगर