मोलॅसिसऐवजी ‘तेवढीच’ काकवी नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळ जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत मऊ, मसालेदार मोलॅसिस (साखर काढून घेतल्यावर उरणारा उसाचा दाट, काळपट पाक) कुकीजची कृती दिसू लागते. कृतीच्या तळाशी बहुधा एक ओळ असते : मोलॅसिस न मिळाल्यास तेवढीच काकवी घ्यावी. ही ओळ पाळली की कुकी तव्यावरच्या धिरड्यासारखी ट्रेभर पसरते, तोंडात खायच्या सोड्याची चव रेंगाळते आणि ‘मऊ’ म्हणून केलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी कडक होतो. काकवी घालून या कुकीज फार चांगल्या होतात, पण प्रमाणे बदलावी लागतात. ती कशी आणि का, यासाठी हे पत्र.

ही कुकी अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची. कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून मोलॅसिसची पिंपे बोस्टनच्या बाजूला उतरत. साखर महाग आणि मोलॅसिस स्वस्त, त्यामुळे घरगुती भाजकामात तेच रुळले. या व्यापाराचा पसारा एवढा होता की ब्रिटिश संसदेने १७३३ साली परदेशी मोलॅसिसवर गॅलनमागे सहा पेन्स कर बसवला. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड या मच्छीमारांच्या गावची ‘जो फ्रॉगर’ ही रम घातलेली मोठी कुकी याच कुळातली. समुद्रावर नेली तरी ती बरेच दिवस मऊ राहते, अशी तिची ख्याती आहे. ही ख्याती खोटी नाही, कारण मोलॅसिसमध्ये ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या सुट्या शर्करा भरपूर असतात. त्या ओलावा धरून ठेवतात आणि साखरेला पुन्हा खडे धरू देत नाहीत. मऊपणाचे निम्मे श्रेय त्यांना आहे, उरलेले ओव्हनमधून वेळेवर बाहेर काढण्याला.

आता काकवी. उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जे उरते ते मोलॅसिस. काकवी म्हणजे अख्खा रसच, गूळ होण्याच्या आधी, साधारण १०३ ते १०६ अंश सेल्सियसला काहिलीतून (रस उकळण्याच्या मोठ्या कढईतून) काढलेला. म्हणून काकवी जास्त गोड लागते आणि मोलॅसिसचा कडवट, जळकट गोडवा तिच्यात नसतो. दुसरा फरक पाण्याचा. काकवीत सुमारे एक तृतीयांश पाणी असते, मोलॅसिसमध्ये ते साधारण वीस-बावीस टक्क्यांवर थांबते. पीठ सैल होऊन कुकी पसरते ती या जादा पाण्याने. तिसरा फरक आंबटपणाचा. मोलॅसिस आम्लधर्मी असते, त्यामुळे अमेरिकी कृतीतला भरपूर सोडा त्यात काही अंशी खपून जातो. काकवीचा आंबटपणा उत्पादकागणिक बदलतो. खडे धरू नयेत म्हणून कोणी सायट्रिक आम्ल घालतो, कोणी घालत नाही. न खपलेला सोडा साबणासारखा लागतो.

साखर कारखान्याची मळी, म्हणजे तिथले मोलॅसिस, मात्र स्वयंपाकघरात आणू नये. आपल्याकडचे बहुतेक कारखाने रस गंधकाच्या धुराने शुद्ध करतात, आणि शेवटी उरणारी मळी आसवनीला (अल्कोहोलच्या कारखान्याला) जाते, खाण्यासाठी नव्हे. बोस्टनमध्ये १५ जानेवारी १९१९ रोजी जी प्रचंड टाकी फुटली आणि २१ माणसे दगावली, त्या टाकीतले सुमारे ८७ लाख लिटर मोलॅसिसही औद्योगिक अल्कोहोलसाठीच साठवलेले होते. परदेशातून कोणी बाटली आणणार असेल तर गंधकविरहित, सौम्य किंवा गडद प्रकार मागवावा. ‘ब्लॅकस्ट्रॅप’ लिहिलेले घेऊ नये. ते तिसऱ्या उकळीनंतरचे असते आणि कुकी कडू करते.

साधारण २५ कुकीजसाठी प्रमाण असे : मैदा २८० ग्रॅम, बिनमिठाचे बटर १७० ग्रॅम, मऊ ब्राऊन शुगर २०० ग्रॅम, एक अंडे, मोलॅसिस ८५ ग्रॅम, सुंठपूड २ चहाचे चमचे, दालचिनीपूड १ चमचा, लवंगपूड पाव ते अर्धा चमचा, मीठ पाव चमचा. सर्व चमचे सपाट. बाटलीतले मोलॅसिस असेल तर सोडा २ चमचे.

काकवी घ्यायची असेल तर १०० ग्रॅम घ्यावी आणि जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ८५ ग्रॅम होईपर्यंत आटवावी. रिकाम्या भांड्याचे वजन आधी करून ठेवले की हे सहज कळते. त्यापुढे आटवली तर थंड झाल्यावर ती गुळासारखी घट्ट होते आणि पिठात मिसळत नाही. कोमट झाल्यावरच वापरावी, नाहीतर बटर वितळते. सोडा दोनऐवजी एकच चमचा, आणि काकवीत एक चमचा लिंबाचा रस. कडवटपणाची उणीव भरून काढायला २०० ग्रॅम ब्राऊन शुगरपैकी १०० ग्रॅमच्या जागी बारीक किसलेला गडद गूळ घ्यावा. हायड्रॉस हे रंग उजळवणारे रसायन घालून पिवळाधमक केलेला गूळ इथे उपयोगाचा नाही. कोल्हापुरी गुळातही गडद, बिनरसायनाचा मागून घ्यावा. सगळीच साखर गुळाने बदलू नये, कुकी चिवट होते. आंबूस वास येणारी काकवी टाकून द्यावी. एवढ्या पाण्यामुळे ती उघडल्यावर लवकर फसफसते, म्हणून बाटली फ्रीजमध्येच ठेवावी.

ब्राऊन शुगरचीही गफलत होते. बाजारात त्या नावाने पुष्कळदा टपोऱ्या दाण्याची डेमेरारा मिळते. तिचे दाणे दहा मिनिटांत विरघळत नाहीत आणि कुकी रवाळ होते. बोटांत दाबल्यावर ओल्या वाळूसारखी चिकटते ती खरी मऊ ब्राऊन शुगर. ती नसल्यास १८० ग्रॅम बारीक साखरेत २० ग्रॅम काकवी चोळून घ्यावी. नेहमीचे खारे टेबल बटर वापरल्यास मीठ पूर्ण वगळावे. तूपच वापरायचे तर १७० ग्रॅम बटरसाठी १४० ग्रॅम तूप आणि २५ ग्रॅम दूध. बटरमध्ये पाणी असते, तुपात नसते.

बटर बोट दाबल्यावर खळगा पडेल इतके मऊ हवे, चकचकीत किंवा ओघळणारे नको. एप्रिल-मे महिन्यांत ओट्यावर ठेवलेले बटर पाहता पाहता तेलकट होते, तेव्हा फ्रीजमधून काढून तुकडे करावेत आणि काही मिनिटांतच वापरावे. साखरेबरोबर दोन ते तीन मिनिटेच फेसावे. केकसारखे फार फेसले तर कुकी आधी फुगते आणि मग बसते. नंतर अंडे, मग काकवी. सोडा आणि मसाले मैद्यात घालून दोनदा चाळावेत. सोड्याची एक गाठ राहिली तरी त्या घासाला कडू चटका बसतो. मैदा घातल्यावर कोरडे पीठ दिसेनासे झाले की थांबावे.

मळलेला गोळा झाकून निदान दोन तास फ्रीजमध्ये ठेवावा. रात्रभर ठेवल्यास उत्तम, सुंठ आणि लवंग तोवर पिठात मुरतात. हा टप्पा गाळण्याचा मोह सर्वांनाच होतो. पण थंड बटर ओव्हनमध्ये उशिरा वितळते आणि तेवढ्यात कडा धरतात, त्यामुळे कुकी जाड राहते. मग ३०-३० ग्रॅमचे गोळे करून साध्या दाणेदार साखरेत घोळवावेत आणि न चपटवता पाच सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. पिठीसाखर चालत नाही. दाणेदार साखर पृष्ठभागावरचा ओलावा ओढते, वरचा थर आधी सुकतो आणि आतून फुगताना त्याला भेगा पडतात. या कुकीची ओळखच त्या भेगांत आहे.

ओव्हन १७५ अंशांवर पुरता तापलेला हवा. लहान ओटीजीची (ओट्यावरच्या विजेच्या ओव्हनची) तापमानाची खुंटी आणि आतले खरे तापमान यांत बरेचदा मोठी तफावत असते, म्हणून आत ठेवायचा साधा तापमापक घ्यावा. मधल्या कप्प्यात, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू. काळ्या ट्रेमुळे बूड करपत असेल तर खाली आणखी एक ट्रे घालावा. नऊ ते अकरा मिनिटे. रंग पाहून ठरवू नये, पीठ मुळातच तपकिरी असते. कडा धरलेल्या, मधला भाग फुगलेला आणि भेगांमध्ये पीठ अजून ओलसर, कच्चे वाटेल असे, ही काढण्याची वेळ. ‘कडक होईपर्यंत भाजा’ ही छापील सूचना बिस्किटाला ठीक, इथे तिनेच घात होतो. बाहेर काढल्यावर पाच मिनिटे ट्रेवरच राहू द्यावे. मधला भाग त्या उष्णतेत शिजतो. लगेच उचलल्यास कुकी मोडते.

बिनअंड्याच्या कुकीसाठी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटे भिजवून घालावी. भेगा थोड्या कमी पडतात, मऊपणा टिकतो. दही घालू नये. पाणी आणि आम्ल दोन्ही वाढून कुकी केकसारखी फुगते.

गार झाल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत डब्यात पावाची एक चकती ठेवली की ओलावा टिकतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात उलट होते, कुकीज चिकट होतात. तिथे थरांमध्ये बटर पेपर घालावा आणि तीन-चार दिवसांत संपवाव्यात.

पुरवणीच्या संपादकांना विनंती एवढीच की अशा कृतींत वाटीऐवजी ग्रॅम द्यावेत, वेळेबरोबर कुकी काढण्याची खूण सांगावी, आणि एखादा जिन्नस बदलायला सांगताना त्यामुळे सोडा व पाणी किती कमी-जास्त करायचे तेही त्याच ओळीत छापावे.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर