सोमवारी गाडी येईल

आई, अण्णा,

फोनवर आई रडायला लागते अन् माझं अर्धं सांगायचं राहतंय, म्हणून लिहायलेय. सोमवारी अण्णांना लातूरच्या केअर सेंटरला न्यायचं ठरलंय, पैसेबी भरलेत. लेकीनं बापाला टाकलं म्हणणारे म्हणू देत. खुब्याच्या ऑपरेशनपासून पडून पडून माकडहाडावरची जखम बोट जाईल एवढी खोल झालीय, दर दोन तासाला कूस बदलायची, रात्रीची पण, अन् आई तुझ्याच कमरेला पट्टा. तू काही कमी केलं नाहीस गं, हे एकट्या माणसाचं कामच नाही.

मी स्वतः बघून आलेय. सिस्टर आधी साबणानं हात धुते, मग ग्लोव्हज, मग सलाईननं जखम धुते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साईड असलं ओतत नाहीत, त्यानं नवीन भरत आलेलं मांसच खराब होतं. दर आठवड्याला जखमेची लांबी-रुंदी-खोली मोजून वहीत लिहितात. कूस बदलल्याची वेळ बेडला अडकवलेल्या कागदावर असते, मी मुद्दाम बघितलं, रात्री 2 ची पण सही होती. लाईट गेली तर हवेच्या गादीचं काय हेही विचारलं, इन्व्हर्टर आहे.

अण्णा, खिडकीजवळचा बेड मागून घेतलाय. रेडिओ न्यायचा, परभणी केंद्र लावत जा. तुमची माळ आहे म्हणून अंडं द्यायचं नाही सांगितलंय, पण मग दूध, डाळ, पनीर मुकाट्यानं खायचं, प्रोटीनशिवाय जखम भरत नाही. लहानपणी माझ्या पायात बाभळीचा काटा मोडला की तुम्ही मांडीवर पाय घेऊन पिनेनं काढायचात अन् मी तुमचं धोतर ओढून धरायचे, आठवतं का? आई वरून हळद दाबायची. पण आई, या जखमेत हळद नको, पावडर नको.

सोमवारपर्यंत ऐका. लाल पडलेल्या जागी तेल चोळायचं नाही. अण्णांच्या बुडाखाली ठेवलेली ती रबराची गोल रिंग काढून टाका, तिच्या कडेनं रक्त अडतं. उशी पोटरीखाली, टाचा अधांतरी राहिल्या पाहिजेत. ताप आला, वास यायला लागला, पू दिसला तर सोमवारची वाट बघू नका, मला लगेच फोन.

जखम भरली की घरी आणायचंच आहे, येळवशीला शेतात बसून आंबील पिऊ. आई, तू पण सोबत चल, दिवसभर थांबता येतं तिथं. शुगरची फाईल अन् आधारकार्ड आजच पिशवीत टाक, आणि आधी जेवून घे.

तुमची छकुली