अकरा दिवसांची कोरी जागा

प्रिय आई आणि बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "२०२० मध्ये सगळं जग दाराला कडी लावून बसलं होतं, मग तुमचं ते हवामानाचं संशोधन चाललं कसं?" मी म्हटलं, "ऑनलाइन." बाबा "अच्छा" म्हणाले आणि विषय तिथेच संपला. फोन ठेवला आणि वाटलं, ही तर मी वेळ मारून नेली. म्हणून हे पत्र. लांबलं तर दोन बैठकांत वाचा.

माझं काम मी तुम्हाला कधी धड सांगितलेलं नाही. कुणी विचारलं की आई "समुद्राचं काहीतरी मोजते" म्हणते. मी मोजत नाही. मोजतात ती आर्गो नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची यंत्रं, मी नुसते त्यांचे आकडे तपासते. माणसाच्या उंचीचं एक नळकांडं, डोक्यावर अँटेना. पोटातलं तेल बाहेरच्या फुग्यात ढकललं की ते वर येतं, आत ओढलं की बुडतं. एक हजार मीटरवर नऊएक दिवस वाहत राहायचं, मग दोन हजार मीटरपर्यंत खाली जायचं आणि वर येता येता पाण्याचं तापमान आणि खारटपणा टिपायचा. वर आलं की उपग्रहाला सांगायचं आणि पुन्हा बुडी. दर दहा दिवसांनी हेच. अशी चार हजारांच्या आसपास यंत्रं महासागरांत फिरताहेत, निरनिराळ्या देशांनी सोडलेली. यंत्र कुणाचंही असो, नोंद साधारण २४ तासांत सगळ्यांना खुली, फुकट.

मार्च २०२० मधली एक रात्र मला आठवते. विमानतळ बंद होत होते, देश एकमेकांचे मास्क अडवून धरत होते. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि दक्षिण महासागरातल्या एका यंत्राची नोंद आली. ते बुडालं तेव्हा जग उघडं होतं, वर आलं तेव्हा बंद. त्याला त्याचं काहीच नव्हतं. तापमानाची ती रेघ मी उगाच चार वेळा बघितली.

पण बाबा, यावरून यंत्रं असली की माणसं नकोत असं समजू नका. तेव्हा आमच्यातलेही काही जण तसं बोलायला लागले होते, मला ते आजही खटकतं. एका यंत्राची बॅटरी चार-पाच वर्षं टिकते. मेलेल्यांच्या जागी नवी सोडायला जहाज लागतं. आणि खारटपणाचा सेन्सर म्हातारा होतो, हळूहळू चुकीचा आकडा दाखवू लागतो. चुकतोय हे कळणार कसं? त्याच भागात कधीतरी जहाजावरच्या माणसांनी बाटल्यांत पाणी भरून, तपासून ठेवलेले आकडे असतात, त्यांच्याशी ताडून. त्या वसंतात जवळजवळ सगळी संशोधन जहाजं आपापल्या बंदरांत परत बोलावली गेली. त्या महिन्यांत ज्या पाण्यात जहाज गेलं नाही, त्या पाण्यात आता कुणीच जाऊ शकत नाही. ते पाणी तिथे राहिलंच नाही.

तुम्हाला विमानांचं माहीत नसेल. प्रवासी विमानं उडताना वाऱ्याची आणि तापमानाची नोंद घेत जातात आणि ती हवामान खात्यांना पाठवतात. एरवी दिवसाला आठ लाखांहून जास्त नोंदी. विमानं जमिनीवर आली आणि जागतिक हवामान संघटनेने मे २०२० मध्ये सांगितलं की या नोंदी सरासरी ७५ ते ८० टक्क्यांनी घटल्या आहेत, दक्षिण गोलार्धात काही ठिकाणी ९० टक्क्यांपर्यंत. युरोपातल्या काही देशांनी हवामान मोजणारे जास्तीचे फुगे आकाशात सोडून थोडी भर घातली. ज्या देशांत माणूस उठून तापमापक बघतो आणि हाताने लिहितो, तिथे तो माणूसच घरी अडकला होता, आणि नोंदी घटल्या. म्हणजे ज्यांच्याकडे आधीच आकडे कमी, त्यांचेच आणखी कमी झाले. सहकार्याच्या गोष्टी सांगताना हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

आता आईला आवडेल अशी एक गोष्ट. पोलारस्टर्न नावाचं जर्मन जहाज २० सप्टेंबर २०१९ ला नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून निघालं आणि उत्तर ध्रुवाच्या बाजूला जाऊन मुद्दाम बर्फात अडकलं. इंजिनाने कुठे न्यायचं नाही, बर्फ वाहत नेईल तिकडे वर्षभर जायचं आणि बर्फ, हवा, पाणी मोजत राहायचं. वीस देशांची माणसं, मोहीमप्रमुख मार्कुस रेक्स. दर काही महिन्यांनी माणसं बदलायची असं ठरलेलं. वसंतातली बदली विमानाने व्हायची होती, आणि तोवर नॉर्वेची दारं बंद झाली. आधीची तुकडी ठरल्यापेक्षा जवळजवळ दोन महिने जास्त त्या बर्फावर राहिली. घरी साथ, आणि आपण पृथ्वीवरच्या सगळ्यात सुरक्षित जागी अडकलेले. आई, तू असतीस तर रोज रडली असतीस.

शेवटी 'झोने' आणि 'मारिया एस. मेरियन' नावाची दोन जर्मन संशोधन जहाजं नवी तुकडी घेऊन निघाली. ती माणसं आधी विलगीकरणात राहिलेली, पुन्हापुन्हा तपासलेली. त्यांना भेटायला पोलारस्टर्नला मेच्या मध्यावर आपला बर्फाचा तुकडा सोडून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांजवळ यावं लागलं. परत त्याच तुकड्यावर पोचायला जूनचा मध्य उजाडला. बर्फ वितळायला सुरुवात होते नेमका तो महिना. मागे ठेवलेली स्वयंचलित उपकरणं चालू होती, बाकीची मोजणी थांबली. तरी मोहीम मोडली नाही, १२ ऑक्टोबर २०२० ला जहाज जर्मनीत ब्रेमरहाफेन बंदराला परतलं. कुणा एका देशाने "आम्ही आमची माणसं काढून घेतो" म्हटलं असतं तर सगळंच कोसळलं असतं. सीमा बंद व्हायच्या आधी वर्षानुवर्षं बसून जे ठरवलेलं होतं ते उपयोगी पडलं. ऐन साथीत असा विश्वास नव्याने उभा राहिला असता असं मला वाटत नाही.

बाबांचा दुसरा प्रश्न राहिलाच. आकाश इतकं निळं झालं होतं, मग तापमान का नाही उतरलं? एप्रिल २०२० च्या सुरुवातीला जगाचं रोजचं कार्बन उत्सर्जन आदल्या वर्षीपेक्षा सुमारे १७ टक्के कमी झालं होतं. आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड ४१७ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत ४१७ भाग, भरला, तोवरचा उच्चांक. बाबा, उधारीवर जगणाऱ्याने एका महिन्यात थोडी कमी उधारी केली म्हणून वहीतली बाकी उतरत नाही. ती हळू वाढते, इतकंच.

आयपीसीसीच्या, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या, अहवालाचं थोडक्यात सांगते. ६६ देशांतले २३४ लेखक, चौदा हजारांवर शोधनिबंध, आणि सारांशातली ओळन् ओळ सरकारांनी मान्य करायची. २६ जुलै ते ६ ऑगस्ट २०२१, पहिल्यांदाच सगळं पडद्यावर. कुणाची दुपार, कुणाची मध्यरात्र, आणि एकेका शब्दावर घासाघीस. आवाज जात असताना, कॉफीच्या सुट्टीत कोपऱ्यात नेऊन समजूत घालायची सोय नसताना त्यांनी तो पार पाडला, याचं मला त्यातल्या आकड्यांपेक्षाही नवल वाटतं.

आता खरी गोष्ट. मागच्या खेपेला आईचा चष्मा शोधताना मी कपाटाचा खण उघडला, तर तिची रक्तदाबाची वही हाताला लागली. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन आकडे, वर्षानुवर्षं, एक दिवस चुकलेला नाही. आणि मग सलग अकरा दिवस कोरे. त्यानंतरचा पहिला आकडा वेगळ्या पेनाने, थरथरत लिहिलेला. मी तारखांचा ताळा केला. तेव्हा आपण रोज फोनवर बोलत होतो. तू म्हणायचीस, "आम्ही मजेत आहोत, तू तुझं बघ." बाबांचा आवाज बसलेला होता, आणि "पंख्याने घसा धरलाय" असं मला सांगण्यात आलं होतं.

आमच्याकडे प्रत्येक आकड्याला एक खूण लावतात. चांगला असेल तर १, बाद असेल तर ४, नोंदच नसेल तर ९. त्या अकरा दिवसांतल्या तुझ्या प्रत्येक "मजेत आहोत"ला मी ४ लावलाय, आई.

न घेतलेला आकडा नंतर बनवायचा नसतो, ते मी मागतही नाही. पण जागा का कोरी राहिली ते आम्ही लिहून ठेवतो. तेवढं मला लिहून पाठव. ताप आधी कुणाला आला, औषधं दाराशी कुणी आणून ठेवली, रात्री जागं कोण राहिलं. बाबा "झालं गेलं, कशाला आता" म्हणतील. त्यांना म्हणू दे, तू लिही.

तुमची,
मनी